दोन किल्ल्यांचा कॉम्प्युटर

तिजोरीकाका निवृत्त झाले तेव्हा बँकेने त्यांना एक घड्याळ दिलं, एक भाषण दिलं आणि तिजोरी मात्र स्वतःकडे ठेवून घेतली. काकांना हे फार लागलं. जन्मभर ज्या दाराची राखण केली ते दार एका संध्याकाळी दुसऱ्याच्या ताब्यात गेलं, आणि घरी येऊन बघावं तर राखण्याजोगं आहे काय? बायको, फ्रिज, टीव्ही आणि मुलीने नवीन घेतला म्हणून आईबापांकडे आणून टाकलेला एक जुना कॉम्प्युटर. बायको राखण्याच्या पलीकडे गेलेली. फ्रिजला काकांनी कडी-कुलूप बसवून पाहिलं, ते काकूंनी दुपारच्या आत स्क्रूड्रायव्हरने उतरवून त्यांच्या हातात दिलं. राहता राहिले टीव्ही आणि कॉम्प्युटर.

बँकेच्या तिजोरीचा नियम असा, की तिला किल्ल्या दोन. एक एका अधिकाऱ्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय ती उघडायची नाही, मग दोघं संत असोत नाहीतर चोर. या एका नियमावर काकांनी सगळी नोकरी काढली होती. एकट्याने उघडलेलं काहीही त्यांना चोरीचंच वाटे. साधं डब्याचं झाकण काढतानासुद्धा ते "अगं, काढतोय हं," असं स्वयंपाकघरातून ओरडून सांगत. टीव्हीच्या रिमोटची त्यांनी रीतसर वाटणी केली होती: रिमोट काकूंच्या ताब्यात, त्यातले सेल काकांच्या. बातम्या बघायच्या तर दोघांनी सोफ्यावर जातीने हजर राहायचं.

कॉम्प्युटरच्या बाबतीत तर त्यांना घबाडच मिळालं. मुलीने जाता जाता सहज सांगितलं, की या जुन्या यंत्राच्या पोटात बायोस नावाचा एक कारभारी असतो. बटण दाबलं की सगळ्यात आधी तो जागा होतो, तारीख बघतो, डिस्क कुठे आहे ते बघतो, आणि सांगून ठेवलं असेल तर काळ्या पडद्यावर पासवर्ड मागतो. पासवर्ड मिळाला नाही तर पुढचं काही सुरूच होत नाही. हे ऐकलं आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच काकांच्या चेहऱ्यावर तेज आलं. त्याच संध्याकाळी त्यांनी पासवर्डाचे दोन भाग केले. पहिला अर्धा काकूंचा, दुसरा त्यांचा. एकाने आपला अर्धा टाइप करायचा, तोवर दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मग पाळी बदलायची, आणि शेवटी एंटरचं बटण काकांनी दाबायचं. एवढ्यानेही समाधान होईना, तेव्हा त्यांनी कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूंवर लाख ओतून वर आपल्या नावाची मोहोर उठवली. झाकण काढून कुणी आत हात घालायला नको.

"पहिला अर्धा माझाच का?" काकूंनी तेव्हा विचारलं होतं.

"कनिष्ठ अधिकाऱ्याची किल्ली आधी लागते. वरिष्ठाची नंतर."

"आणि मी कनिष्ठ कशी काय?"

"या घरात तू नंतर रुजू झालीस."

काकूंनी कपाळाला हात लावला, आणि रागाच्या भरात जे मनात आलं तेच इंग्रजी अक्षरांत ठोकून दिलं. तो त्यांचा अर्धा झाला.

गंमत अशी, की काका स्वतः कॉम्प्युटरवर काहीच करत नसत. बँकेतही ते तिजोरी उघडून देत, आतलं काढायला-घालायला दुसरी माणसं असत. घरीही तेच. सकाळी आंघोळ करून, चष्मा पुसून ते खुर्चीशी येत, काकूंचा अर्धा झाला की आपला अर्धा एका बोटाने, कीबोर्डावर नाक टेकेल इतकं वाकून घालत, एंटर दाबत, यंत्राने सुरू होताना वाजवलेली धून उभ्यानेच ऐकत आणि "ठीक आहे" म्हणून फिरायला निघून जात. कॉम्प्युटरची गरज होती ती काकूंना.

काकू रेडिओसाठी श्रुतिका लिहीत. गावच्या छोट्याशा केंद्रावर दर आठवड्याला पाव तास. आधी किरकोळ, मग एकदम गाजली ती 'कुलूपराव घरी असतात' ही मालिका. कुलूपराव नावाचे एक निवृत्त गृहस्थ घरातल्या प्रत्येक गोष्टीला दोन किल्ल्या लावतात, एवढंच तिचं कथानक. लोक हसून हसून बेजार. काकूंना त्यासाठी कल्पनाशक्तीला फारसा ताण द्यावा लागत नव्हता. त्या सकाळभर घर बघत आणि दुपारी टाइप करत. काकांना वाटे, बायको जुनी पत्रं नीट लावतेय. त्यांनी कधी विचारलं नाही आणि रेडिओ तर ते ऐकतच नसत.

हे असं सुखाने चाललं असतं, पण न्हाव्याने घात केला. काकांच्या गालाला फेस लावता लावता तो म्हणाला, "काका, रिमोटचे सेल सध्या कुणाकडे असतात?" आणि दुकानातली सगळी गिऱ्हाइकं, ज्यांच्या मानेवर वस्तरा होता तीसुद्धा, खो-खो हसली. काका अर्ध्या दाढीने घरी आले. पुढचा भाग त्यांनी रेडिओला कान लावून ऐकला. त्यात कुलूपराव मिठाची बरणी घेताना बायकोकडून पोच लिहून मागत होते. ही गोष्ट गेल्याच पंधरवड्यात घरी घडलेली होती.

"मी माझी किल्ली मागे घेतली आहे," काका उठून म्हणाले. "यापुढे तो कॉम्प्युटर उघडणार नाही."

झालं. त्या दिवसापासून कॉम्प्युटर बंद आणि काका मूग गिळून आतल्या खोलीत. काकूंनीही मग रिमोट पदराआड केला. सेल एकीकडे, रिमोट दुसरीकडे. संध्याकाळी दोघंही काळ्या टीव्हीसमोर बसून राहत आणि बातम्यांची वेळ संपली की उठत.

पण काकूंचं खरं दुखणं वेगळं होतं. मालिकेचा शेवटचा भाग त्या यंत्राच्या पोटात अडकला होता, तोही अपुरा. केंद्रावरच्या बाईंचा सकाळीच फोन येऊन गेला. "काकू, आज संध्याकाळपर्यंत संहिता हवी. उद्या कलाकार येताहेत. नाही मिळाली तर नाइलाज आहे, त्या वेळेत 'कुंडीतल्या मातीची निगा' लावावी लागेल. ते वक्ते वर्षभर माझ्या मागे लागलेत." म्हणजे कुलूपरावांची गोष्ट अर्धीच राहणार, आणि पुढची मालिका मिळायची आशाही मातीत. साठी उलटल्यावर काकूंना हे एक स्वतःचं मिळालं होतं. लोक रस्त्यात थांबवून विचारत, "पुढे काय होणार हो?" तसं त्यांना आयुष्यात आधी कुणी काही विचारलं नव्हतं. तो भाग हाताने पुन्हा लिहून काढायचा प्रयत्नही त्यांनी केला. पण एकदा जमलेला विनोद आठवून लिहिला की त्याचा पंचनामा होतो. चार पानं फाडून त्यांनी नाद सोडला.

शेवटच्या भागात कुलूपराव डोळ्यांत पाणी आणून दोन्ही किल्ल्या बायकोच्या हातात ठेवतात, असं ठरलं होतं. केंद्रावरच्या बाईंना शेवट गोड हवा होता. आणि खरं सांगायचं तर काकूंनाही तो लिहिताना बरं वाटत होतं. प्रत्यक्षात न होणारी गोष्ट निदान रेडिओवर तरी व्हावी, एवढंच.

शेवटी त्यांनी डॉक्टरला बोलावलं. हा माणसांचा नव्हे, जुन्या कॉम्प्युटरांचा. गळ्यात स्टेथोस्कोप नव्हता एवढंच, बाकी थाट सगळा तोच. आला तो बोलतच.

"काळजी सोडा काकू. असे पेशंट मी झोपेत बरे केलेत. एका वकिलाचा कॉम्प्युटर तर सगळ्यांनी मेला म्हणून सांगितलेला. मी नुसता हात लावला."

"याचा पासवर्ड अर्धाच आहे माझ्याकडे," काकू म्हणाल्या. "दुसरा अर्धा रुसून बसलाय." त्यांनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

"मग पासवर्ड हवाय कुणाला? ऐका. आत नाण्याएवढा एक सेल असतो. बायोसची सगळी आठवण त्या सेलावर. सेल काढायचा, जरा वेळ थांबायचं, पुन्हा बसवायचा. कारभारी सगळं विसरतो. पासवर्ड, तारीख, मालक कोण, नोकर कोण, काही लक्षात राहत नाही त्याच्या. कोरी पाटी. आणि तुमच्या फायलींना धक्कासुद्धा लागत नाही." एवढं बोलून त्याने कॅबिनेट फिरवलं आणि मागची बाजू बघून थबकला. "हे काय? मेणबत्ती सांडली की काय?"

"सील आहे ते!" आतल्या खोलीतून आवाज आला. दार बंद होतं, पण कान उघडे होते. "फोडायचं असेल तर दोन्ही अधिकाऱ्यांची संमती लागते. आणि मी संमती देत नाही!"

"अहो काका, फक्त एक सेल काढायचाय..."

"सेल माझ्याच ताब्यात असतात!"

डॉक्टरने काकूंकडे पाहिलं. काकूंनी डोळ्यांनीच 'असंच आहे आमच्याकडे' म्हणून सांगितलं.

"एक खरवडा मारला की निघेल," डॉक्टर हळू आवाजात म्हणाला आणि त्याने स्क्रूड्रायव्हर पुढे केला.

काकूंनी तो हातात घेतला. फ्रिजचं कुलूप काढताना त्यांनी मागेपुढे पाहिलं नव्हतं. पण ही मोहोर काकांनी जुन्या कोटाच्या बटणावर सबंध दुपार बसून कोरली होती, जीभ दातात धरून, शाळेतल्या पोरासारखी. अक्षरं उलटी कोरावी लागतात हे लक्षात न आल्याने पहिली दोन बटणं वाया गेली होती. ती लाख फोडणं म्हणजे त्या माणसाच्या थोबाडीत मारणं होतं. काकूंना त्यांचा राग आलेला होता, पण एवढा नाही. त्यांनी स्क्रूड्रायव्हर परत दिला.

"मग मी आलो कशाला?" डॉक्टर हिरमुसला. पण रिकाम्या हाताने परत जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने कॉम्प्युटर सुरू केला. काळ्या पडद्यावर पासवर्डाची ओळ आली. "निदान कीबोर्ड जिवंत आहे का ते बघू. घाला तुमचा अर्धा."

"तुम्ही भिंतीकडे तोंड करा."

"काकू, मी डॉक्टर आहे."

"तरीही."

डॉक्टर भिंतीकडे वळला. काकूंनी सवयीने आपली अक्षरं बडवली आणि सवयीनेच खुर्चीवरून उठून बाजूला झाल्या, जणू आता काका यायचे होते. डॉक्टर वळून पुढे आला. "आता बघा, अर्धवट पासवर्ड दिला की कसा भुंकतो ते," असं म्हणून त्याने एंटर दाबलं.

यंत्र भुंकलं नाही. पडदा क्षणभर काळा राहिला, मग निळा झाला, आणि कित्येक दिवस घरात न वाजलेली ती सुरू होण्याची धून मोठ्याने वाजली. पडद्यावर काकूंच्या फायली ओळीने उभ्या होत्या.

डॉक्टरने आधी पडद्याकडे, मग कीबोर्डाकडे पाहिलं.

"काकू, तुमच्या अर्ध्यात अक्षरं किती?"

काकूंनी बोटांवर मोजली. एका हाताची संपली, दुसऱ्याची संपली, आणि तरी उरली.

"मग बरोबर! या जातीच्या जुन्या बायोसला आठच अक्षरं कळतात. पुढचं तुम्ही कितीही बडवा, त्याच्या कानात जातच नाही. मी मघाशी म्हणालोच होतो." तो मघाशी असलं काहीही म्हणाला नव्हता.

"म्हणजे यांचा अर्धा?"

"वाऱ्यावर."

"कधीपासून?"

"कधीपासून काय, पहिल्या दिवसापासून. पासवर्ड ठेवला तेव्हाच तुमच्या आठ अक्षरांनी जागा भरली. साहेबांचं एक अक्षरसुद्धा आत गेलेलं नाही."

काकू खुर्चीत बसल्या. त्या दिवशी रागाच्या भरात त्यांनी टाइप केलं होतं, 'उघड एकदाचं'. तोच त्यांचा अर्धा. म्हणजे इतकी वर्षं रोज सकाळी त्या यंत्राला खडसावत होत्या, आणि यंत्र निमूटपणे त्यांचंच ऐकत होतं. मागून काका येऊन जे काही वाकून वाकून करत, तो नुसता बोटांचा व्यायाम होता. काकूंना आधी हसू आलं. मग मात्र खरंच राग आला, तोही डोक्यात घण घातल्यासारखा. हर्नियाच्या ऑपरेशनला काका दवाखान्यात होते तेव्हा त्यांनी अख्खा भाग कॅलेंडरच्या मागे लिहिला होता. काका भावाकडे महिनाभर जाऊन राहिले तेव्हा रेडिओच्या बाईंची बोलणी खाल्ली होती. त्यांची आंघोळ आटपेपर्यंत, त्यांचा चष्मा सापडेपर्यंत, त्यांचा रुसवा जाईपर्यंत, डोक्यात आलेली वाक्यं विसरू नयेत म्हणून पुटपुटत त्या याच खुर्चीशी उभ्या राहिल्या होत्या. आणि दार सताड उघडं होतं! कुणी अडवलंच नव्हतं! उघड्या दाराबाहेर एवढी वर्षं किल्लीची वाट बघत बसणारी आपल्यासारखी मूर्ख बाई दुसरी नसेल, असं त्यांना वाटलं आणि ते बोचलं.

"साहेबांना सांगतो," डॉक्टर उत्साहाने उठला. "गंमत वाटेल त्यांना."

"नाही वाटणार," काकू म्हणाल्या आणि त्यांनी त्याची पिशवी धरून त्याला खाली बसवलं.

पण धून आतपर्यंत पोहोचली होती. दार उघडलं आणि काका बाहेर आले. पडद्याकडे त्यांनी फक्त एकदा पाहिलं. मग ते सरळ कॅबिनेटच्या मागे गेले, खिशातून भिंग काढलं आणि गुडघ्यावर बसून लाखेची एकेक मोहोर तपासली.

"शाबूत आहे," ते म्हणाले. उठताना त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. "सील शाबूत. माझी किल्ली माझ्याकडे. मग हा उघडला कसा?"

काकूंच्या अगदी ओठावर आलं होतं. एक वाक्य, की बारा वर्षांच्या सकाळी वसूल. पण त्यांनी काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्या अडखळल्या. निवृत्तीच्या संध्याकाळी काका घरी आले होते तेव्हा त्यांचा हात सारखा खिशाकडे जात होता, तिजोरीची किल्ली चाचपायला, आणि तिथे काही नाही हे कळलं की चेहरा असाच होत होता. किल्ली चोरीला गेली हे माणूस सोसतो. चोरी झाली तर चौकशी तरी करता येते. पण आपली किल्ली मुळात कुठल्याच कुलपाची नव्हती, हे या वयात कुणाला कसं सांगायचं?

"मी उघडला," काकू म्हणाल्या. "तुमचा अर्धा मला माहीत होता."

काकांच्या गालांवर रंग परत आला. बघता बघता ते ताठ झाले. स्टूल ओढून त्यावर बसले आणि समोरच्या खुर्चीकडे बोट करून म्हणाले, "बस. कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

"कुठून बघितलास?"

"कपाटाच्या आरशातून. भिंतीकडे तोंड केलं की दिसायचं."

काकांनी डॉक्टरला कीबोर्डासमोर बसवलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून आरशात वाकून, वळून, टाचा उंचावून पाहिलं. असा आनंद त्यांना कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. "इथून फक्त डॉक्टरांची ढेरी दिसते," त्यांनी जाहीर केलं.

"तेव्हा आरसा जरा कललेला होता."

"असेल. नोंद घेतो." ते परत स्टुलावर आले. "डॉक्टर, तुम्ही साक्षीदार. आता सांग, काय आहे माझा अर्धा?"

याचा विचार काकूंनी केलेलाच नव्हता. चोरी कबूल केली की मुद्देमाल दाखवावा लागतो! त्यांनी मनातल्या मनात शोधायला सुरुवात केली. बँकेचं नाव? नाही, सहज ओळखता येईल असा पासवर्ड ठेवणारा हा माणूस नव्हे. मुलीचं नाव? तेही कुणीही ओळखेल. असं काहीतरी, जे जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नाही.

आणि मग त्यांना ते आठवलं. लग्न नवं होतं तेव्हा काका बँकेतून आले की दारातूनच हाक मारायचे, "भिंगरी!" का, तर ही घरभर गरगर फिरते म्हणून. ते नाव फक्त दोघांचं. मुलगी झाली, घर भरलं, आणि ती हाक कधी बंद झाली ते कळलंही नाही. पण या माणसाने कधी दोऱ्याचा तुकडासुद्धा टाकून दिलेला नाही. जे जपायचं ते तो कुलपात ठेवतो. नाव असं हरवून कसं जाईल? कुठेतरी ठेवलंच असेल की. काकूंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आपण खोटं बोलतोय हे त्या विसरल्याच.

"भिंगरी," त्या हळूच म्हणाल्या.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. डॉक्टर एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला. मग काका स्टुलावरून जवळजवळ उडालेच.

"चूक!" ते ओरडले. "चूक! साफ चूक! ऐकलंत ना डॉक्टर? तिला माहीत नाही! कुणालाच माहीत नाही! माझी किल्ली फुटलेली नाही!" त्यांनी डॉक्टरच्या पाठीत आनंदाने एक दणका घातला.

"पण साहेब," डॉक्टर पाठ चोळत म्हणाला, "मशीन तर उघडलंय."

"ते कसं उघडलं हा प्रश्न माझ्या अखत्यारीत येत नाही. माझ्या ताब्यातली किल्ली माझ्या ताब्यात आहे. माझ्यापुरती चौकशी संपली." ते चप्पल घालायला दाराकडे गेले. आता कुठल्याही न्हाव्यासमोर ते मान ताठ ठेवून बसू शकत होते. दारात मात्र ते वळले आणि कुतूहलाने म्हणाले, "आणि भिंगरी काय गं? असला विचित्र शब्द तुला सुचला तरी कुठून?"

"असाच सुचला," काकू म्हणाल्या.

काका शीळ घालत गेले. डॉक्टर पिशवीचा पट्टा नीट करत बसला.

"त्या कारभाऱ्याकडे जायचं कसं?" काकूंनी विचारलं. आवाज नेहमीचाच होता, जरा कोरडा. "आत शिरायचं, सेल न काढता."

डॉक्टरने सांगितलं. यंत्र पुन्हा सुरू करायचं आणि लगेच डिलीटचं बटण दाबत राहायचं. काकूंनी ते स्वतः केलं. त्यांचा अर्धा दिल्यावर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी आल्या. तारीख कुठल्या कुठे मागे राहिली होती, सेल म्हातारा झाल्याची खूण; ती त्यांनी आजवर आणली. पासवर्डाच्या ओळीवर थांबून त्यांनी विचारलं, "इथे काहीच लिहिलं नाही तर?"

"नुसतं एंटर दाबा. कुलूपच जाईल."

काकूंनी नुसतं एंटर दाबलं. बदल जपून ठेवायचे का, असं यंत्राने विचारलं. त्यांनी हो म्हणून सांगितलं.

डॉक्टर गेल्यावर त्यांनी शेवटच्या भागाची फाइल उघडली. कुलूपराव डोळ्यांत पाणी आणून किल्ल्या देतात तो प्रवेश त्यांनी एकदा वाचला. चांगला होता, पण खोटा होता. त्यांनी तो सगळाच्या सगळा पुसून टाकला आणि जे घडलं ते लिहायला घेतलं, आरसा, ढेरी, नाव, सगळं. 'चूक! साफ चूक!' लिहिताना त्यांना स्वतःलाच हसू आलं, आणि त्याच वेळी अक्षरं धूसर दिसू लागली म्हणून चष्मा काढून पुसावा लागला. त्यापुढे त्यांनी कंसात लिहिलं, 'पत्नी गप्प', आणि केंद्रावर फोन लावून सगळा प्रवेश वाचून दाखवला.

पलीकडे बाई आधी खूप हसल्या, मग त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचायला सांगितली. "गोड नाहीये, पण हेच ठेवू या," त्या म्हणाल्या. "फक्त एक अडचण आहे काकू. रेडिओवर गप्प बसलेलं माणूस ऐकू येत नाही. शेवटी तिला काहीतरी बोलायला द्या."

काकूंनी फोन ठेवला आणि विचार करत बसल्या. विनोद सुचत होते, पण एकही तिच्या तोंडी बसेना. तेवढ्यात काका परतले. दाढी गुळगुळीत, चेहऱ्यावर जेत्याचं औदार्य.

"चल, मिटवून टाकू," ते म्हणाले. "तूही चुकलीस, मीही रुसलो. उद्यापासून माझा अर्धा पुन्हा चालू करतो. काय?"

काकूंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं.

"नको," त्या म्हणाल्या. "तुमची किल्ली तुमच्याजवळच राहू द्या. मला ती लागत नाही."

"राहणारच!" काका खूश होऊन म्हणाले. "माझ्याकडून नाही हरवायची ती."

काकूंनी खुर्ची पुढे ओढली आणि दोघांचीही वाक्यं जशीच्या तशी उतरवून घेतली.